न घातलेली शपथ

कुंदाबाईच्या बशीत कुणीतरी बिडी विझवली होती. निळ्या काठाची बशी. तिचा कप कधीच फुटला होता, पण कुंदाबाई त्या बशीतूनच चहा प्यायची, दोन्ही हातांनी धरून, फुर्र आवाज करत. ती बशी बैठकीच्या सतरंजीवर पडली होती. तळाशी दोन घोट चहा आणि त्यात फुगलेलं थोटूक. पान सुटून आतली तंबाखू चहात पसरली होती. तोताराम मोरीतून हात धुऊन येत होता, तो तिथंच ओल्या हातांनी उभा राहिला. इतक्या दिवसांत त्याला रडू आलं होतं, झोप आली होती, भूक लागली होती आणि भूक लागल्याची लाजही वाटली होती. राग आला नव्हता. कावीळ झालेल्या बायकोला आधी मंतरायला ने म्हणणाऱ्यांचा नाही, उशिरा आणलीत म्हणणाऱ्या डॉक्टरांचा नाही, देवाचा तर नाहीच. आता तो आला, आणि एवढ्याशा बशीवरून आला. त्यानं वर पाहिलं. भिंतीला टेकून सहा-सात माणसं बसली होती, सगळी भाऊबंदकीतली, भडगावकडून आलेली. खोलीत धूर इतका की कुंदाबाईच्या फोटोसमोरच्या दिव्याभोवती पिवळं कडं दिसत होतं. थोटूक कुणाचं होतं ते विचारण्यात अर्थ नव्हता. ते सगळ्यांचं होतं.

त्यांच्याकडे माणूस गेलं की लोक दारावर येतात. येणाऱ्यासाठी दाराशी थाळी ठेवावी लागते. थाळीत बिडीचा कट्टा, काडेपेटी, सुपारी, अडकित्ता, तंबाखू. आलेला माणूस टेकतो, काही बोलत नाही, बिडी उचलतो, पेटवतो, आणि मग विचारतो, "कसं काय व्हयनं भो?" मग घरच्यानं पहिल्यापासून सांगायचं. डोळे पिवळे झाले तिथपासून. बिडी संपली की सांगणं संपतं, तो उठतो, दुसरा टेकतो. तोताराम नऊ दिवस हेच सांगत होता. सांगून सांगून त्याला असं वाटायला लागलं होतं की कुंदाबाई एका बिडीएवढीच आजारी होती. आणि प्रत्येक जण स्वतःची पेटवायच्या आधी कट्टा त्याच्यासमोर धरायचा. "ले भो, दुखमा चालस." तो मान हलवायचा. मग ते त्याच्याकडे असे बघायचे, जणू बायको मेल्याचं त्याला पुरेसं दुःखच झालेलं नाही. चुलतभाऊ मगन तर परवा हसत म्हणाला होता, "बायको गयी. आते कोनले भ्यास तू?" त्यावर दोघं-तिघं हसले होते, दुखवट्यात हसतात तसं, नाकातून. तोतारामला मगनचं बोलणं लागलं नव्हतं. मगनच्या बोटांमधून जी धुराची रेघ वर जात होती तिच्याकडे तो बघत होता. टेंभुर्णीच्या पानाचा जळका गोडसर वास, जिभेच्या मुळाशी येणारा तो तुरटपणा, छातीत पहिला झुरका उतरतो तेव्हा माणूस क्षणभर कुणाचाच नसतो ते. सगळं त्याच्या अंगाला पाठ होतं. सोडून इतकी वर्षं झाली तरी अंग काही विसरलं नव्हतं.

त्यानं बशी उचलली, मोरीत नेली, राखेनं घासली, पुन्हा घासली. बाहेर येऊन दाराशी ठेवलेली थाळी उचलली आणि ओट्यावर नेऊन ठेवली. म्हणाला, "ज्यांना प्यायची त्यांनी बाहेर प्या." हिलाल आबा वयानं सगळ्यांत मोठे, पागोट्याचे, भाऊबंदकीत त्यांचा शब्द शेवटचा. ते सावकाश म्हणाले, "दारवर उनेल मानूसले तू भाईर काढस का रे?" तोताराम म्हणाला, "माणसाला नाही आबा, बिडीला." आबा म्हणाले, "एक बिडी पिसन कोनी मरस का?" मग ते स्वतः उठले, गुडघे धरत ओट्यावर गेले, थाळी घेऊन आले आणि होती तिथं परत ठेवली. एकानं काडी ओढली. तोताराम आत स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला. पोरगी प्रमिला अमळनेरच्या सासरहून आलेली, ती कणीक मळत होती. तिनं बापाकडे पाहिलं आणि म्हणाली, "नाना, उद्याचा दिवस. उद्या दहावं झालं की जातील." तो म्हणाला, "घर माझं आहे की त्यांचं?" ती कणीक मळत राहिली. तिलाही ठाऊक होतं की दुखवट्याच्या दिवसांत घर घरवाल्याचं नसतं.

बायकोच्या धाकानं बिडी सोडली, असं ते म्हणायचे. इतकी वर्षं म्हणत होते. लग्नात म्हणाले, बारशात म्हणाले, बायकोचा बैल म्हणाले. तोताराम हसून सोडून द्यायचा. आज त्याला वाटलं, आपण हसायला नको होतं. सोडली कशी ते यांना काय माहीत? तो जळगावला कापसातली सरकी काढायच्या जिनात फिटर. जिनात कापसाचे तंतू उडतात, छताला, तारांना, भुवयांना चिकटतात. एक ठिणगी पडली की सगळं संपलं. म्हणून फाटकावर निंबा पहारेकरी प्रत्येकाची झडती घ्यायचा, बिड्या-काड्या काढून पत्र्याच्या डब्यात ठेवायचा, सुट्टी झाली की परत द्यायचा. सुट्टीचा भोंगा झाला की माणसं फाटकाबाहेरच्या कडुलिंबाखाली धावत सुटायची, पेटवायची, दोन मिनिटं कुणी कुणाशी बोलायचं नाही. अठ्ठ्याऐंशीच्या थंडीत तोतारामचा खोकला जाईना. दोनदा सोडली, दोनदा धरली. दुसऱ्यांदा धरली तेव्हा कापसाच्या गाठी बांधायच्या प्रेसवरचा रतिलाल म्हणाला होता, "एकट्यानं नाही होत तोता. मी पण सोडतो. तुला तल्लफ आली की तू माझ्याकडं ये, मला आली की मी तुझ्याकडं." एवढंच. ना देवाला नवस, ना कुणाची शपथ. रतिलाल रविवारी भर दुपारी दार वाजवायचा, डोळे तांबारलेले, आत येऊन बसायचा, पाणी प्यायचा, तासाभरानं निघून जायचा. कुंदाबाई विचारायची नाही का आला म्हणून. भाजलेले हरभरे ताटलीत घालून पुढं ठेवायची. मागितल्या तरी बिड्या द्यायच्या नाहीत असं निंबाला सांगून ठेवलं होतं, तर त्यानं एकदा खरंच डबा उघडला नाही. तोताराम चिडला, चल काढ म्हणाला, कालच दुकानातून घेतलेला कट्टा होता. निंबा म्हणाला, "तुमच्या नावचा कट्टा? मी तर बंबात घातला." आणि वर हसला. त्या दिवशी तोतारामनं निंबाला आई-बहिणीवरून शिव्या दिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी घरून भरीत नेलं.

सगळ्यांत वाईट वेळ संध्याकाळची. कामावरून आलं, हातपाय धुतले, की अंग बिडी मागायचं, पाय आपोआप नाक्याकडे वळायचे. कुंदाबाई पदर खोचून उभी राहायची आणि म्हणायची, चला. कुठं? तर मेहरूणच्या तलावाकडे. गल्लीत कुणी नवरा-बायको असे नुसतेच चालायला जात नसत. शेजारची लताबाई ओट्यावरून ओरडायची, "काय वं कुंदा, नवी नवरी झाली का?" कुंदाबाई म्हणायची, "हो ना, हळदीला ये." आणि चालता चालता बोलत राहायची. काहीही. नळाला पाणी कधी आलं, माहेरच्या केळीच्या बागेत कोल्हं शिरलं तेव्हा भावानं काय केलं, कोणाच्या सुनेनं सासूचा मिक्सर जाळला. मध्ये श्वास घ्यायची नाही. एकदा त्यानं वैतागून म्हटलं होतं, अगं थांब जरा, विचार करू दे. ती म्हणाली, "तेच तर नको आहे." बिडी हा शब्द तिच्या तोंडून त्याला फारसा आठवत नव्हता. ते पहिले महिने सरले, आणि मग वाईट दिवस आले तेव्हाही तो धरून राहिला. मंदी आली, जिन काही महिने बंद पडलं, माणसं फाटकासमोर सतरंजी टाकून बसली, दिवसभर बिड्या आणि घोषणा. तो आणि रतिलाल एकमेकांना खेटून बसले, शाळेतल्या पोरांसारखे. प्रमिलाच्या लग्नात व्याही रुसला, मांडवात भांडण झालं, रतिलालनं त्याला मांडवामागं नेऊन उसाचं कांडं हातात दिलं आणि म्हणाला, चाव. त्यानं चावलं. आणि आता हे लोक म्हणत होते, बायकोचा धाक. बाईनं हात दिला तर तो धाक, आणि मैतराचं तर नावच नाही. माणूस वाईट गोष्ट धरतो तेव्हा कुणी विचारत नाही कुणी धरायला लावली. सोडली तर मात्र लगेच शोधतात, कुणी सोडवली.

दवाखान्यातले दिवस तर त्याला नीट आठवतच नव्हते, फक्त जिना आठवत होता. तिला आत सलाईन लावलेलं आणि तो जिन्याच्या पायरीवर बसलेला. शेजारी बसलेला कुणाचा तरी नातेवाईक, ओळख ना पाळख, त्यानं बिडी पुढं केली. तोतारामनं हात पुढं केला होता. खरंच केला होता. तेवढ्यात रतिलाल खाली येऊन त्याच्या पायरीवर बसला. म्हणाला, "वहिनींनी पाठवलं. म्हणाल्या, माझ्याजवळ बसायला बायका आहेत, तुम्ही त्यांच्याजवळ बसा." कुंदाबाईचं अंग तेव्हा हळदीसारखं पिवळं झालेलं, बोलणंही अर्धंमुर्धं. तरी तिला कळलं होतं की जिन्यावर माणूस एकटा आहे. तोताराम अजून स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून उभा होता. बाहेरून हसण्याचा आवाज आला, मग खोकल्याचा. त्याला वाटलं, आता बाहेर जावं आणि एकेकाला दंडाला धरून उठवावं. तो गेला नाही. कणीक मळून झाली होती. प्रमिला पोळ्या लाटायला बसली, तर त्यानं तिला पाट सरकवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणा नदीच्या काठी. पाणी पात्राच्या एका कडेला, बाकी सगळी वाळू. न्हाव्यानं तोतारामचं डोकं केलं, मिशी काढली. वरचा ओठ उघडा पडला, गार, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. बायका काठावरच्या बाभळीखाली बसल्या होत्या, मध्ये कुंदाबाईची आई मंजुळाबाई, यावलहून आलेली, सरळ पाठीची म्हातारी, दातांना मशेरी लावलेली. रतिलाल पुरुषांच्या मागं उभा होता. तो भाऊबंद नव्हता, म्हणून पुढं यायचं नाही. गुरुजींनी पिंड केला, केळीच्या पानावर ठेवला, वर दह्याचं बोट लावलं. सगळे मागं सरकले. पंपघराच्या छपरावर पाच-सहा कावळे बसलेले. त्यातला एक उतरला, वाळूत दोन उड्या मारल्या, मान तिरकी करून पिंडाकडे पाहिलं आणि परत उडाला. लोक हुंकारले. मग सुरू झालं. कुणी म्हणालं, पोरीचं सांगा. प्रमिला हात जोडून म्हणाली, आई, नानांची काळजी करू नको, मी येत जाईन. कावळा आला नाही. कुणी म्हणालं, गंधमुक्तीचा विधी नीट करू म्हणा. म्हटलं. कुणी म्हणालं, तिला मनात काशी होती का? ऊन चढायला लागलं. पिंडावरचं दही सुकलं. तोताराम वाळूत बसून त्या पांढऱ्या गोळ्याकडे बघत होता. त्याला वाटत होतं, ये ना गं, किती लोक थांबलेत. लगेच वाटलं, ती कधी कुणाला थांबवून ठेवायची नाही. मग वाटलं, हा नुसता कावळाच आहे आणि दुसरं काही नाही. आणि तरीही त्याच्या मानेवर घाम आला होता.

हिलाल आबा पुढं आले. त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं आणि तोतारामला म्हणाले, "मी सांगू? तिना जीव तुनामा अडकेल शे. तिनी तुले बिडीनी शपथ घालेल व्हती, बठ्ठा गावले माहीत शे. जिनी घाली ती गयी, आते सोडी कोन? शपथ सुटनी नही त जीव कसा सुटी?" मागून दोघं-तिघं म्हणाले, "हां, बराबर शे." आबांनी खिशातून बिडी काढली, काडी ओढली, ओंजळीत पेटवली, स्वतः एक झुरका घेऊन ती जिवंत केली आणि तोतारामसमोर धरली. "एक झुरका मार. शपथ सुटनी म्हन. देख कावया कसा येस."

तोतारामला प्रथम कळलंच नाही. मग कळलं, आणि कानशिलं तापली. पण त्याच वेळी धूर त्याच्या उघड्या ओठावर आला, मिशी नसलेल्या कातडीला थेट लागला, आणि त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. इतकं, की गिळावं लागलं. समोर पिंड, मागं पोरगी रडत होती, "नाना, घ्या हो एकदा, आई अडकली आहे." तीस माणसं बघत होती. किती सोपं होतं. एक झुरका. पुण्याईचा झुरका, वर बायकोला मोक्ष. त्यानं पाहिलं तर बिडी त्याच्या हातात होती. बोटांनी ती बरोबर धरली होती, अंगठ्यानं मागून टेकू देऊन, जुन्या सवयीप्रमाणे. एक ओढली की उद्या थाळीतली उचलणार. परवा फाटकावर निंबापुढं डबा मागणार. त्याला हे स्पष्ट दिसत होतं, आणि दिसूनही हात खाली जात नव्हता. मागं गलका झाला. रतिलाल माणसांतून वाट काढत होता आणि मगन त्याला अडवत होता, "तू कोन रे? तू भाऊबंद शे का?" रतिलाल म्हणाला, "नाही. सरक." आणि तो येऊन तोतारामशेजारी वाळूत बसला. बिडीला हात लावला नाही. काही सांगितलंही नाही. फक्त त्याचा खांदा तोतारामच्या खांद्याला लागला होता आणि तो खांदा थरथरत होता. नऊ दिवस तोही रोज येऊन त्याच धुरात बसला होता, हे तोतारामच्या आत्ता ध्यानात आलं.

"कोणी घातली शपथ?"

मंजुळाबाई उठून आली होती. पुरुषांमध्ये बाई आली म्हणून दोघं आपोआप बाजूला झाले. "आबा, मी इचारते, कोणी घातली? माह्या पोरीनं? तुम्ही ऐकली?" आबा म्हणाले, "बठ्ठासले माहीत..." "कोणाले काय माहीत हाये? मी सोता मशेरी लावते, मले नका शिकवू तल्लफ काय असते ते. ती माहेराले आली होती तवा मीच म्हटलं तिले, जवाईबोवाले तुही शपथ घाल, म्हंजे झटकन सुटीन. तर मलेच बोलली. म्हने, माय, शपथ घातली तर ते माह्यासाठी सोडतीन, मी गेली का परत धरतीन. त्याइचं त्याइले सोडू दे. असं बोलली माही पोरगी." म्हातारीचा आवाज फाटला, पण ती थांबली नाही. "मेलेल्या माणसाच्या तोंडात आपला शबूद घालू नका. तिचं तोंड होतं तवा तुमाले आयकाची फुरसत नव्हती."

हे तोतारामला माहीत नव्हतं. मी गेली का परत धरतीन. हे ती केव्हा बोलली, कुठं बसून, केळीच्या बागेत की चुलीपुढं, आणि घरी येऊन काहीच न बोलता संध्याकाळी चला म्हणाली. त्याला रडू येईल असं वाटलं, पण आला तो संतापच, आणि या वेळी तो बशीएवढा नव्हता. यांनी तिला नऊ दिवस एका बिडीत सांगायला लावलं. आता तिचा जीवही बिडीतच अडकवून ठेवला. तिनं सगळं आयुष्य त्याला मोकळं ठेवलं आणि हे तिला बांधणारी म्हणत होते, तिच्या पिंडासमोर, तिच्या आईसमोर. त्यानं जळती बिडी ओल्या वाळूत खुपसली आणि अंगठ्यानं आत दाबली, पार बुडेपर्यंत. चर्र झालं. अंगठा भाजला. त्याला बरं वाटलं.

"गुरुजी, दर्भाचा कावळा करा," तो म्हणाला.

आबांचा चेहरा काळवंडला. दर्भाचा कावळा म्हणजे खरा आला नाही हे गावभर होणार. ते म्हणाले, "मंग ती भटकत राही. ते पाप तुनं."

तोताराम शहरात राहून शहरासारखं बोलायला लागला होता. आता ते सगळं गळून पडलं. तो उभा राहिला आणि गावच्या बोलीत, सगळ्या काठाला ऐकू जाईल असं म्हणाला, "भटकू दे, आबा. घर माहीत शे तिले."

मगननं नजर वाळूकडे वळवली. प्रमिला आजीच्या दंडाला धरून उभी होती, तिचं रडणं थांबलं होतं. गुरुजींनी घाईघाईनं दर्भाच्या काड्या वळल्या, गाठ मारली, चोच काढली आणि मंत्र म्हणत ती पिंडाला टेकवली. तोतारामनं हात जोडले. त्याच्या तोंडात अजून पाणी साठत होतं, मघाशी सुटलेलं, तसंच गोडसर, थांबायचं नाव घेत नव्हतं. संध्याकाळीही सुटणार होतं, उद्याही. त्यानं नमस्कार पुरा केला, चार पावलं बाजूला गेला आणि ते सगळं पाणी वाळूत थुंकून टाकलं.